न धुतलेला चौकोन

अन्स्ट बेट, २२ एप्रिल

ती. मेरनताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग मनातल्या मनातच घालते आहे, पोटाचे टाके अजून वाकू देत नाहीत.

पोचले एकदाची. बोटीत रात्रभर उलट्या झाल्या आणि घरी आल्यावर एर्टीने ओळखच दाखवली नाही. तीन वर्षांचं पोर, पण अबोला धरायला बापासारखंच पक्कं. तो जेवेना म्हणून सुनिवाला शहरात काचेच्या पेटीत ठेवून मी इकडे आले, आणि आता मी घास पुढे केला की म्हणतो, आजीच्याच हातचं हवं. त्याचा बाप, मॅग्नी, काल पहाटे मासेमारीच्या बोटीवर गेला. मुलगी दोन महिने आधी झाली काय आणि वेळेवर झाली काय, मासळीला त्याचं काय! सासूबाईंची कंबर धरलेली आहे आणि मेंढ्या व्यायला आल्यात. त्या सगळ्या मोकळ्या होईपर्यंत माझी सुटका नाही.

फोन करू नकोस. फोनवर मला नुसतं रडता येतं, आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई भांडी घासायचं थांबवून ऐकतात. पत्रच लिही.

वॉर्डात कोणी मला वाईट वागवलं असं नाही हं. नियम सगळ्या आयांना सारखे आहेत, केव्हाही या आणि हवं तेवढं बसा. समुद्र तेवढा सगळ्यांना सारखा नाही. सुनिवाच्या शेजारच्या पेटीची ती लाल कोटवाली तुला दिसेलच. नवरा सकाळी गाडीने सोडतो, संध्याकाळी गाडीने नेतो. घरी स्वतःचा पंप, घरी निवांत झोप. वॉर्डच्या फ्रीजमध्ये तिच्या बाटल्या अशा रांगेने लावलेल्या असतात, जणू जत्रेत मुरांब्याचं पहिलं बक्षीस घ्यायला निघाल्यात. माझ्या कोपऱ्यात दोन बाटल्या आणि त्यांचाही तळच झाकलेला. माझ्या लेकीचं पोट कोणा अनोळखी बायांनी दान केलेल्या दुधावर भरतं. देव त्यांचं भलं करो. पण मला त्यांचा राग येतो, आणि हे फक्त तुलाच लिहिते आहे.

मॉरवेन नर्सने मला लोकरीचे चौकोन विणायला सांगितले होते. एक आईने कपड्याच्या आत छातीशी ठेवायचा, एक पेटीत बाळाजवळ, आणि मग अदलाबदल करायची. बाळाला आईचा वास मिळतो, आईला बाळाचा, आणि त्याने म्हणे दूधही उतरतं. माझा सोबत पाठवते आहे. टाके मोजून बघ हवं तर. वाटेत लर्विकला भेटायला थांबले, तर वृद्धाश्रमात बसून आईने मोजलेच, आणि एक उसवायला लावला.

तू त्या शहरातच आहेस, दहा मिनिटांवर. रोज जात जा. तिला छातीशी धर. आपल्यातलं कोणीतरी तिला लागायला हवं. लोभ आहेच, तो थोडे दिवस माझ्याऐवजी तिच्या वाट्याला येऊ दे.

तुझी,
ऑस्ला


ॲबर्डीन, २७ एप्रिल

चि. ऑस्लास,

अनेक आशीर्वाद. सासूबाईंना नमस्कार आणि एर्टीला एक पापा, घेतला तर.

आधी बातमी. तुझी लेक चांगली आहे. वजन चढतं आहे. नाकातली नळी कालपासून बारीक केली. रंग तुझा, भुवया मॅग्नीच्या, आणि रागही बहुधा त्याचाच. कारण औषध दिलं की ती मूठ आवळून आपल्याकडे असं बघते, की आपणच माफी मागावी.

स्ट्रुआन समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला गेला आहे, पुढच्या महिनाअखेरीस यायचा. त्यामुळे माझ्या जाण्यायेण्याला कोणाची आडकाठी नाही. माझ्या तान्ह्या रास्मीला शेजारच्या डफबाईंकडे ठेवते. राहतो तो. त्याचं काय, तो कोणाकडेही राहतो.

मॉरवेन सुनिवाला माझ्या उघड्या छातीवर ठेवते आणि वरून शाल घालते. आज गंमत झाली. तिने मान वळवली आणि तोंड उघडून शोधायला लागली! माझा ब्लाउज तिथल्या तिथे ओला. मी हसत म्हटलं, इथे तर गावजेवण उठेल, भाचीला थोडं पाजलं तर चालेल का? मॉरवेन म्हणाली, असं परस्पर चालत नाही, आधी रक्त तपासावं लागतं. तू म्हणशील तर तपासून घेते. अनोळखी बाईपेक्षा मावशी बरी, नाही का?

तुझ्या चौकोनाचं वॉर्डभर कौतुक झालं. कडा सरळ, कोपरे टोकदार, जणू दुकानातून आणलाय. सुनिवाला मात्र अजून त्याचं काही नाही. गालाखाली सरकवला की तोंड फिरवते. होईल सवय. तिच्याजवळचा चौकोन सोबत पाठवते आहे. मी धुऊनच देणार होते, पण मॉरवेनने हातातून ओढून घेतला आणि पिशवीत बंद करून टाकला. म्हणाली, असाच जाऊ दे.

जेवत जा. खारवलेल्या मटणाचं सूप कर, दुधाला चांगलं. लोभ वाढवावा, आणि अंगावर मांसही.

तुझी,
मेरन


अन्स्ट, २ मे

मेरनताईस,

नमस्कार. साष्टांग आज नाही.

पिशवी उघडली आणि तोंडच आत घातलं. आधी माझी लेक आली. औषधाचा वास, आणि त्याखाली जरासा आंबूस, गोड. छातीत कळ उठली आणि पंप लावायच्या आत दूध आलं, कपड्यावरच. ताई, मी हसले. कितीतरी दिवसांनी हसले. आणि मग त्याच वासाच्या मागून तू आलीस. तुझा तो लॅव्हेंडरचा साबण आणि तुझं दूध. लहानपणभर तुझ्या कुशीला कूस लावून झोपले आहे मी, मला तुझा वास ओळखू येणार नाही होय?

माझ्या लेकीला तुझा वास येतो. तिने तोंड उघडून शोधलं ते तुला. माझ्या चौकोनाकडे तिने पाठ फिरवली, आणि तू ते गंमत म्हणून लिहितेस.

काल एका मेंढीचं पिल्लू मेलेलं निघालं. मी त्याचं कातडं सोललं आणि एका पोरक्या पिल्लाला अंगरख्यासारखं चढवलं. मेंढीने हुंगलं आणि घेतलं की जवळ! हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले, आणि मला आठवण आली कोणाची, तर तुझी. तूही माझं कातडं पांघरून त्या खुर्चीत बसली आहेस.

तुझं सगळं नेहमी वेळेवर होत आलंय. दात वेळेवर, लग्न वेळेवर, मूलही नऊ महिने पुरे करून गुटगुटीत. एका आईच्या पोटच्या आपण, मग तुझं दूध ओसंडतं आणि माझं थेंब थेंब का? मी तीन-तीन तासांनी त्या पंपाला जुंपून घेते, तो गोठ्यातल्या यंत्रासारखा घरघरतो, एर्टी दाराशी उभा राहून बघतो, आणि शेवटी बाटलीत काय, तर चहात घालण्यापुरतं. सासूबाई म्हणतात, मनाला लावून घेतलंस म्हणून आटलं. मनाला लावून घेऊ नको म्हणणाऱ्यांची जीभ कशी आटत नाही?

तुझं दूध माझ्या मुलीला नको. रक्तही तपासू नकोस. तिला धरायचं असेल तर नर्सने धरावं, तू नको.

दुसरा चौकोन पाठवते आहे. पहिल्यासारखाच कोमट पाण्यात नीट धुऊन, फळीवर चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून ताणून वाळवलेला. आठवडाभर तो माझ्या छातीशी होता. माझा घाम, मेंढ्या, चुलीचा धूर, सगळं त्यात मुरलेलं. तसा पाठवला असता तर त्या लाल कोटवालीने नाकाला रुमाल लावला असता. गरिबी दिसली तरी चालेल, तिचा वास यायला नको.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

ऑस्ला


ॲबर्डीन, ७ मे

चि. ऑस्लास,

आशीर्वाद आहेत, पण आज मोजकेच.

तुझं पत्र वाचता वाचता रागाने चहा गार केला, आणि मग शेवटाकडे आल्यावर खुर्चीत बसून हसत सुटले. धुतलास? अगं बये, पहिलाही धुतलास? मग त्यात तू होतीस कुठे? साबणाची वडी पाठवली असतीस तरी तेवढंच झालं असतं. ती तोंड फिरवते ते तुझ्याकडून नव्हे, साबणाकडून.

आणि कातड्याची गोष्ट तू मला सांगतेस! ते पोरक्या पिल्लाला चढवण्याआधी तू कोमट पाण्यात घातलं होतंस का? फळीवर ताणलं होतंस? टाचण्या मारल्या होत्यास? जे तुझ्या मेंढीला कळतं ते तुला कळू नये म्हणजे कमाल आहे. अर्थात दोष तुझा एकटीचा नाही. न धुतलेलं, न ताणलेलं विणकाम उंबऱ्याबाहेर गेलं की घराची अब्रू गेली, हे आईने आपल्या बोटांना शिकवून ठेवलंय. माझीही बोटं नळाकडे चाललीच होती, मॉरवेन आडवी आली म्हणून वाचलो.

झालं हसून. आता माझं ऐक, आणि हे सासूबाईंसमोर वाचू नकोस.

माझं दूध ओसंडतं, खरं आहे. उशीसुद्धा भिजते. पण रास्मीला पाजताना मला काही म्हणजे काही वाटत नाही. नळाखाली बादली लावावी आणि भरायची वाट बघावी, तसं पाजते. तो रडला की उठते, तो हसला तरी उठतेच. तो झाला तेव्हापासून हे असं आहे. कोणी विचारलं नाही, कारण विचारायचं कशाला? पोर गुटगुटीत, दूध भरपूर, नवरा कमावता. अशा बाईला धाड भरली आहे काय! सगळे मला रस्त्यात थांबवून विचारतात, ते ऑस्ला कशी आहे म्हणून. डफबाई विचारतात, पाववाला विचारतो, आई फोनवर तेवढंच विचारते. मला तुझा असा राग येतो की काय सांगू.

सुनिवाला छातीवर घेतलं तेव्हा आत पहिल्यांदा काहीतरी हललं. म्हणून रोज जात होते. तुझ्यावर उपकार करायला नव्हे. कातडं पांघरलंस म्हणालीस ते अगदीच खोटं नाही, तेवढं लागलं.

तू समुद्रापलीकडे बसून एका लोकरीच्या तुकड्यात तोंड घालून हसतेस, रडतेस. तू माझ्या दुधाचा हेवा कर, हवा तेवढा कर. मी तुझ्या त्या रडण्याचा करते. माझं पोर माझ्या मांडीवर आहे आणि मला रडू येत नाही.

तुझं पत्र आल्यापासून मी सुनिवाला धरलेलं नाही. मॉरवेन धरते, मी काचेबाहेर बसून एर्टीचे मोजे विणते. साबणही बदलला, बिनवासाचा आणलाय, ताटं घासायच्या लायकीचा. आता चौकोन पाठव. घाणेरडा पाठव.

लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

मेरन


अन्स्ट, ११ मे

माझ्या ताईस,

साष्टांग, आणि या वेळी खरोखरच. टाके काढले.

तुझं पत्र मेंढवाड्यात उभ्याने वाचलं. एका मेंढीचं अर्धं काम माझ्या हातात होतं, ते पुरं करून पुन्हा वाचलं. इतके महिने तोंडात मूग धरून बसलीस, आणि वर मला सूप कर म्हणून सांगतेस! उद्याच्या उद्या मॉरवेनला सांग. मला लिहिलंस तेच सांग, नळ आणि बादलीसकट. तिथे आयांच्या मनाचं बघणारी डॉक्टरीण आहे, मलाही तिच्याकडे पाठवलं होतं. आतून जीव जातोय असं बोलायला पोर काचेतच असावं लागतं असं नाही. तू सांगितलं नाहीस तर मी येऊन सांगेन, आणि माझा आवाज तुला ठाऊक आहे.

आईने वाटणी कधी नीट केलीच नाही बघ. तुला दूध दिलं आणि मला रडू. दोघींना थोडं थोडं दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

सोबतचा चौकोन मी अंगावर घालून झोपले, मेंढ्यांची बाळंतपणं केली, चुलीसाठी पीटची ढेकळं ओढली, एर्टीला कुशीत घेतलं. (हो, आला कुशीत. गुपचूप आला आणि सकाळी नाकबूल झाला.) काल सासूबाईंनी तो चौकोन पाण्यात घालायला उचलला होता. मी त्यांच्या हातातून ओढलाच. त्या म्हणाल्या, असलं मळकं फडकं शहरात पाठवणार, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांना नाही, लेकीला पाठवते आहे. संध्याकाळी बॅनकच्या भाकऱ्या भाजता भाजता माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, बोटीचं तिकीट काढ आणि एर्टीलाही ने. उरलेल्या मेंढ्यांना शेजारचे गिब्बी हात लावतील, आणि मी खुर्चीत बसून त्यांच्यावर ओरडेन, ओरडायला कंबर लागत नाही. ताई, मी या बाईला ओळखलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारच्या बोटीने पोचतो.

पाकिटात आणखी दोन चौकोन आहेत. एक तुला, एक रास्मीला. रीत तीच, अदलाबदल करत राहायची. काही वाटलं नाही तरी चालेल. नुसता ठेव. आणि खबरदार धुतलास तर.

लोभ ठरवायला काय बाजारात मिळतो? आहे तो आहे.

तुझी,
ऑस्ला


ॲबर्डीन, १६ मे

चि. ऑस्लास,

अनेक आशीर्वाद, न मोजता.

चौकोन पोचला. पिशवी उघडताच लाल कोटवाली उठून खिडकी शोधू लागली आणि मॉरवेन म्हणाली, वा, याला म्हणतात चौकोन! मी अगदी एकदाच, शेवटचं म्हणून, सुनिवाला घेतलं आणि चौकोन माझ्या खांद्यावर ठेवला. तिने दोनदा नाक उडवलं. मग माझ्या छातीकडे सरळ पाठ केली, खांद्याकडे सरपटली, तुझ्या त्या धुरकट, मेंढरट तुकड्यात नाक खुपसलं आणि झोपी गेली. माझा ब्लाउज ओला झालेला, तिला त्याचं काही नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही कार्टीने.

असा जळफळाट झाला म्हणून सांगू! इतकी जळले, इतकी जळले, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते थांबेना. मॉरवेनने मूल काढून घेतलं आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मी सांगितलं सगळं. नळ आणि बादलीसकट.

डॉक्टरणीने गोळ्या दिल्यात, आणि दर बुधवारी बोलायला जायचंय. लगेच काही होत नाही म्हणाली. रास्मी माझ्याकडे संशयाने बघतो, मी त्याच्याकडे. चौकोन दोघांनीही घेतलेत, एकमेकांच्या भिडेखातर.

शुक्रवारी धक्क्यावर घ्यायला येते. मोजे तयार आहेत, एक थोडा मोठा झालाय. एर्टीचा तो पाय वाढेल.

तुझीच,
मेरन


अन्स्ट, २९ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. मांडीवर सुनिवा आहे, म्हणून अक्षर वाकडं.

घरी पोचलो. बोटीत कोणी उलटी केली नाही, मी सोडून. सासूबाई दारात उभ्या होत्या, कंबरेला शाल गुंडाळून, आणि बाळाला हातात घेताच त्यांनी आधी काय केलं असेल, तर टोपडं उलटं करून मागची बाजू तपासली, विणकाम सुबक आहे ना म्हणून.

तुझ्याकडच्या खोलीत ते सगळे आठवडे काढले म्हणून ती अंगावर प्यायला शिकली, हे मी विसरणार नाही. सकाळी आणि निजायच्या वेळी माझं घेते, बाकी बाटली. पूर्ण माझंच मिळावं असं फार होतं मनात. अजून आहे. गावात कुणी भर रस्त्यात पोराला पदराखाली घेतलं की मी मान फिरवते. जाईल तेव्हा जाईल.

एक सांगायचं राहिलं. सुनिवाला घेऊन वॉर्डातून निघालो त्या दिवशी लाल कोटवाली दाराशी उभी होती. तिच्या बाटल्यांची रांग तशीच होती, आणि पोर अजून पेटीतच. मी सुनिवाला शालीत गुंडाळत होते आणि ती बघत होती. मी फ्रीजमधल्या तिच्या फळीकडे बघायचे ना, अगदी तसं. मला तिचं नावही माहीत नव्हतं. मग विचारलं. इसोबेल.

मी तिथे असताना तुला तुझ्या चौकोनाचं विचारलं नाही. आता लांबून विचारते. कुठे आहे?

लोभ आहे तो राखावा, मी नसले तरी बुधवार चुकवू नये.

तुझी,
ऑस्ला


ॲबर्डीन, १९ ऑगस्ट

चि. ऑस्लास,

अनेक आशीर्वाद. सुनिवाला, एर्टीला, सासूबाईंच्या कंबरेला, सगळ्यांना.

विचारलंस म्हणून सांगते. तू असताना चौकोन उशीखाली होता. मी ठेवत होते, अदलाबदल करत होते, बुधवार करत होते, आणि तू म्हणालीस तसं, काही वाटलं नाही तरी चालू ठेवलं. कधी वाटायचं, कधी नाही.

गेल्या आठवड्यात स्ट्रुआनची आई रास्मीला चार दिवस घेऊन गेली, मला आराम म्हणून. मी आनंदाने दिला. दुसऱ्या दिवशी धुणं काढलं आणि चादरीत त्याचा चौकोन निघाला. दुधाचे डाग, गाजराचा डाग, लाळेने एक कोपरा कडक झालेला. आईने बघितला असता तर भोवळ आली असती तिला. माझ्या हातांनी विचार न करताच कोमट पाणी सोडलं, साबण घातला, फेस केला. चौकोन पाण्यावर धरला.

आणि हात खाली जाईना. मी त्याला बजावलं, जा. जाईना. मग तो नाकाशी आणला. ऑस्ला, मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे, पाणी तसंच वाहत होतं. नळ बंद केला, ओला हात कोटाला पुसला, आणि बस पकडून सरळ स्ट्रुआनच्या आईच्या दारात. तिने विचारलं, काय झालं, दोन दिवस आहेत की अजून? मी म्हटलं, काही नाही झालं, न्यायला आले. रास्मी जमिनीवर बसून लाकडी चमचा चावत होता. मला बघून त्याने चमचा टाकला.

चौकोन अजून तसाच आहे, न धुतलेला. आईला सांगू नकोस.

तुझी,
मेरन